शेजारणीच्या नावाची फेरी

टोरांटो, मे महिना

“तिकडे कुठला आलाय शेजार! माणूस गेलं तरी आठ दिवस कुणाला पत्ता नसतो.” मागच्या खेपेला पुण्यात हे मी निदान चार घरांत ऐकलं. पाहुणी म्हणून गेले होते, पोहे खात गप्प बसले. आज सांगते, कारण या शनिवारी मी एका शेजारणीच्या आठवणीसाठी दोन तास चालून आलेय.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी या शहरात ठिकठिकाणी लोक घोळक्यानं चालत निघतात. ‘जेन्स वॉक’ म्हणतात त्याला. पैसे नाहीत, भाषण नाही, सत्कार नाही. ज्याला आपल्या गल्लीबद्दल काही सांगावंसं वाटतं त्यानं पुढे व्हायचं. बाकीच्यांनी बरोबर चालायचं आणि मध्येच “अहो, ते दुकान त्या कोपऱ्यावर होतं” म्हणून दुरुस्तही करायचं. जेन जेकब्ज 2006 च्या एप्रिलमध्ये गेल्या, वयाची नव्वदी नऊ दिवसांवर आलेली असताना. पुढच्याच वर्षी पहिली फेरी निघाली.

आपल्याकडे आर्किटेक्चर शिकणाऱ्यांना त्या ठाऊक असतात, अमेरिकेतल्या शहरांवरच्या त्यांच्या 1961 सालच्या पुस्तकामुळे. मीही त्यांना विद्यापीठातल्या कुणी मोठ्या विदुषी समजत होते. इथे ॲनेक्स भागात राहायला आल्यावर कळलं, बाईंकडे पदवीच नव्हती, आणि देऊ केलेल्या मानद पदव्याही त्या नाकारत. न्यूयॉर्क सोडून 1968 मध्ये इथे आल्या त्या मुलांना व्हिएतनामच्या युद्धावर जावं लागू नये म्हणून. पुढे ऑल्बनी ॲव्हेन्यूवरच्या विटांच्या घरात शेवटपर्यंत राहिल्या. या बाजूच्या घरांना पुढे ओटा असतो. पोर्च म्हणतात, पण बसायची रीत आपलीच: संध्याकाळी कप हातात घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत.

त्यांच्याबद्दलची मला सगळ्यात आवडते ती कुंपणाची गोष्ट. 1973 चा एप्रिल. डंडस आणि शेरबोर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावरची जुनी घरं पाडून तिथे टॉवर उभे करायचे होते. पहाटेच लोक जमले, पाडकामवालेही आले. नियम असा होता की भोवती कुंपण असल्याशिवाय पाडकाम करता येत नाही. जेनबाईंनी तो नियम लोकांना सांगितला, आणि लोकांनी कुंपणाच्या फळ्याच उपटायला घेतल्या. पाडकाम थांबलं. ती घरं राखून त्यांच्या मागे नव्या सदनिका बांधल्या गेल्या. मी मुद्दाम बघून आले. एका दारात लहान मुलाचे चिखलाचे बूट वाळत ठेवले होते.

त्याआधी स्पडायना द्रुतगती मार्ग याच ॲनेक्समधून शहराच्या पोटात शिरणार होता. जेनबाई तेव्हा इथे नव्या होत्या, लढा आधीच पेटला होता. त्या त्यात उतरल्या, मार्शल मॅक्लुहान यांच्याबरोबर त्यावर छोटा चित्रपटही केला. जून 1971 मध्ये प्रांताचे प्रीमियर बिल डेव्हिस यांनी मार्ग रद्द केला. आज उत्तरेकडून ॲलन रोडनं गाडी घेऊन आलात की एग्लिंटनपाशी तो रुंद रस्ता एकदम संपतो. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं, आपण चुकलो. आता तिथे पोचले की बरं वाटतं.

आणि दरवेळी आठवते ती वेताळ टेकडी. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून काढू नका म्हणून 2023 मध्ये केवढे पुणेकर चालत निघाले होते! म्हणजे आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. पण ती फेरी संकट दारात आल्यावर निघाली. इथे संकट टळून पन्नास वर्षं झाली तरी लोक चालताहेत. चाललं की दिसतं, दिसलं की बोललं जातं, आणि पुढचं संकट आधी कळतं. एवढं साधं आहे. मग आपण हे का करत नाही, या विचारानं माझा संताप होतो.

जेनबाईंच्या त्या पुस्तकात एक दुकानदार आहे. गल्लीतली माणसं घराच्या किल्ल्या त्याच्याकडे ठेवून जातात, पाहुणा आला की तो देतो. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातल्या काकू आल्या. त्यांच्या दारामागे खिळ्यांची रांग होती, प्रत्येक बिऱ्हाडाची किल्ली वेगळ्या रंगाच्या लोकरीच्या गोंड्याची. आमचा गोंडा हिरवा. पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी, 12 जुलै 1961 ला, काकूंनी आधी खिळे बघितले, असं आई सांगायची. ज्याची किल्ली खिळ्यावर तो बाहेर आहे, ज्याची नाही तो आत. मग नसलेल्या किल्ल्यांची दारं बडवत फिरल्या आणि एकेकाला बाहेर काढलं. मागच्या खोलीतल्या आजोबांना दोघांनी उचलून न्यावं लागलं. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या याच बाईंनी आमच्यापैकी कुणाची शाळेची वेळ चुकू दिली नाही, कुणाचं उशिरा येणं नजरेतून सुटू दिलं नाही.

काकू गेल्या तेव्हा मी इथेच होते. भावानं चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. वर पाच पुढारी हात जोडून, कोपऱ्यात काकूंचा एवढासा फोटो, नावाचं शुद्धलेखन चुकलेलं. तेरावा व्हायच्या आत त्याच बांबूंवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. मग वाडा पडला, तळाला पार्किंग आलं. आज त्या इमारतीत ओटा नाही. काकू असत्या तरी बसल्या कुठे असत्या?

या शनिवारी फेरीत आमच्या पुढे चालणाऱ्या आजोबांनी मला विचारलं, तुझ्या गल्लीत कोण होतं? मी खिळ्यांची गोष्ट सांगितली. वीस-पंचवीस अनोळखी माणसं फूटपाथवर थांबून ऐकत होती. एका मुलीनं विचारलं, “मागच्या खोलीतल्या त्या आजोबांचं पुढे काय झालं?” मला सांगता आलं नाही. आईला कधी विचारलंच नव्हतं, आणि आता आई नाही.

डिसेंबरात येतेय. दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता वाड्याचा दिंडी दरवाजा होता तिथे, म्हणजे आताच्या पार्किंगच्या तोंडाशी, उभी राहीन. नदीपर्यंत चालू. काकूंच्या दारामागे ज्यांची किल्ली होती त्यांनी या, त्यांच्या मुलांनी या. आणि ते आजोबा कुणाचे होते हे कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगायला तरी नक्की या.