बंबलबी खालून वर का जाते?

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट गावाजवळ, रॉकी पर्वतात सुमारे २,९०० मीटर उंचीवर गॉथिक नावाची वस्ती आहे. चांदीच्या खाणी बंद पडल्या, माणसं पांगली आणि १९२८ मध्ये तिथे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र सुरू झालं. जुलैत आसपासची कुरणं फुलली की वाटाडे हौशी लोकांना घेऊन निघतात. बहुतेकांचे कॅमेरे कोलंबाइनच्या फुलांवर खिळतात. जाणता वाटाडा मात्र लार्कस्परच्या एखाद्या दांड्यापाशी थांबवतो आणि मधमाशीच्या जातकुळीतल्या बंबलबीची वाट पाहायला लावतो.

लार्कस्परची निळी-जांभळी फुलं दांड्यावर खालून वर उमलत जातात. प्रत्येक फूल आधी नर असतं, पराग झडून गेले की मादी होतं. म्हणजे एकाच दांड्यावर खाली जुनी मादी फुलं, वर ताजी नर फुलं. मकरंद जास्त असतो तो खालच्या फुलांत. गुबगुबीत, केसाळ बंबलबी येते ती थेट तळाशी, मग एकेक फूल चाखत वर सरकते. वर मकरंद आटत जातो, तशी शेंडा गाठण्याआधीच ती उडते. तेव्हा तिच्या अंगावर वरच्या नर फुलांचे पराग असतात, आणि पुढच्या रोपावर ती पुन्हा तळाशीच उतरते, मादी फुलांवर. हिशेब केला तिने आपल्या पोटाचा, परागीभवन झालं रोपाचं. संशोधक ग्रॅहम पाइक यांनी हा हिशेब १९७० च्या दशकात याच परिसरात मांडला.

सगळ्याच माशा असा सरळ व्यवहार करत नाहीत. मंक्सहूड हा आपल्या बचनागाचा भाऊबंद, तसाच विषारी. त्याचा मकरंद टोपीसारख्या आवरणाच्या आत, अगदी वर. आखूड जिभेची बंबलबी बाहेरूनच भोक पाडते आणि परागांना न शिवता मकरंद पिऊन जाते.

पाणथळीत दिसणाऱ्या ‘एलिफंट हेड’पाशी मराठी माणूस हमखास थबकेल. कान, कपाळ, वर वळलेली सोंड. एका दांड्यावर गुलाबी गणपतींची रांगच. या फुलात मकरंद नसतो. बंबलबी त्याला घट्ट धरते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते, की पराग बाहेर उडतात. मधमाशीला हे जमत नाही. थंडीत उडण्याआधी बंबलबी शरीर तापवते तेही याच स्नायूंनी. (आपल्या सह्याद्रीत ती नाही, भारतात ती हिमालयात भेटते. इथला लाकूड पोखरणारा काळा भुंगा वेगळा.)

एवढ्या मेहनतीला रोज खुराक हवा. वसंतात राणी एकटीच जमिनीतून बाहेर पडते आणि वसाहत शून्यापासून उभी करते. गॉथिकमध्ये संशोधक डेव्हिड इनौये यांनी आखलेल्या दोन बाय दोन मीटरच्या चौकोनांत १९७० च्या दशकापासून फुलं मोजली जाताहेत. बर्फ लवकर वितळू लागला, तसा तिथला फुलांचा हंगाम लांबला. माशांची चंगळ झाली असेल, असं वाटतं. पण लवकर धरलेल्या कळ्या जूनमधल्या थंडीच्या कडाक्यात करपतात आणि लांबलेल्या हंगामात फुलं विरळ असलेले दिवस वाढतात. माशांची संख्या एकूण फुलांपेक्षा या दिवसांवरच जास्त ठरते. जुलैच्या बहरात फिरणाऱ्या पाहुण्यांना ते दिवस दिसतच नाहीत.