लहान मुलांसह कुमाऊंच्या तळ्यांकडे: मुक्काम कोठे आणि केव्हा?

समुद्राकाठी राहणाऱ्या कुटुंबाला सुटीत डोंगर हवा असतो. बरोबर तीन-चार वर्षांचे मूल असेल तर डोंगरासोबत पाणीही हवे असते. उत्तराखंडातील नैनीताल जिल्हा या दोन्ही अपेक्षा पुऱ्या करतो. त्यामुळे दिल्लीमार्गे काठगोदामला उतरून तळ्यांच्या या मुलखात जाणाऱ्यांत गोव्यातील कुटुंबेही असतात. मात्र सहलीचा ठरलेला आराखडा पाहिला, तर तो मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला नसतो. दोन रात्री नैनीताल, एका दिवसात पाच तळी, मग राणीखेत आणि कौसानी. मोठ्यांना हे झेपते. मुलांचा निम्मा दिवस मात्र गाडीत जातो आणि उरलेला गाडीतून उतरल्यावर सावरण्यात.

या सहलीचा पहिला प्रश्न उंचीचा आहे. काठगोदाम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, नैनीतालचे तळे १,९०० मीटरच्या वर, तर भीमताल सुमारे १,३७० मीटरवर. भीमतालपासून चार किलोमीटरवरचे नौकुचियाताल त्याहूनही थोडे खाली आहे. विरळ हवेचा आजार साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. तेव्हा नैनीतालमध्ये त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. फरक पडतो तो तापमानात. हजार मीटर चढले की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. म्हणजे एकाच संध्याकाळी नैनीताल भीमतालपेक्षा तीन-चार अंशांनी थंड असते. वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते, म्हणून त्यांच्या शरीरातील ऊब लवकर निघून जाते. पेडण्यात किंवा काणकोणात वाढलेल्या मुलाच्या दृष्टीने हे तीन-चार अंश लहान नाहीत.

दुसरा प्रश्न वळणांचा. काठगोदामहून नैनीतालचे अंतर केवळ पस्तीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण तेवढ्यात जवळजवळ चौदाशे मीटरची चढण आहे. गाडी वळते तेव्हा आतल्या कानातील समतोलाची यंत्रणा मेंदूला हालचालीची वर्दी देते; मूल मात्र खाली मान घालून मोबाइलवर चित्रफीत पाहत असेल, तर डोळे सांगतात की काहीच हलत नाही. या विसंगतीतून मळमळ आणि उलटी होते. दोन वर्षांखालील बाळांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक असतो. मुलाला शांत ठेवण्यासाठी हाती दिलेला मोबाइल हीच येथे सर्वांत मोठी चूक ठरते. मागच्या आसनावर मधोमध, समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी, पोट रिकामे किंवा तुडुंब नसावे. उलटीचे औषध द्यायचे असेल तर मात्रा बालरोगतज्ज्ञांना घरीच विचारून घ्यावी. दिल्लीहून रात्रीची गाडी काठगोदामला पहाटे पोहोचते. झोपेतून उठवलेल्या मुलाला तसेच टॅक्सीत घालण्यापेक्षा अर्धा तास थांबून, दोन बिस्किटे खाऊ घालून निघालेले बरे.

भीमतालला मुक्काम ठेवावा असे म्हणण्याचे कारण हेच. चढण निम्मी, रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा, थंडी बेताची. तळ्याभोवती चालता येते, मधल्या बेटावरील मत्स्यालयापर्यंत होडीने जाता येते आणि मुलांना तेवढे पुरते. तेथून सातताल हाताशी आहे. राम, सीता, लक्ष्मण, गरुड अशी नावे असलेली ही लहान तळी बांज आणि चीडच्या रानात लपलेली आहेत, आणि तेथील पक्षी पाहायला लांबून हौशी येतात. नौकुचियातालचे नऊ कोपरे एकाच वेळी कोणाला दिसत नाहीत अशी तेथील समजूत आहे. मुले ते मोजण्यात एक दुपार सहज घालवतात.

नैनीताल मग एका दिवसापुरते. मल्लीताल म्हणजे तळ्याचे वरचे टोक, तल्लीताल म्हणजे खालचे. दोन्हींना जोडणारा माल रोड, रज्जुमार्गाने स्नो व्ह्यू, काठावरचे नैनादेवीचे मंदिर आणि चढावरचे प्राणिसंग्रहालय एवढे एका दिवसात होते. बाबागाडी येथे निरुपयोगी आहे, बाळाला पाठीशी बांधण्याची झोळीच कामी येते. मे-जूनमधील शनिवार-रविवार टाळावेत. गर्दी वाढली की पर्यटकांच्या गाड्या शहराबाहेर थांबवून शटलने पुढे पाठवतात, आणि रांगेत ताटकळलेल्या मुलाला तळ्याचे कौतुक उरत नाही. हातातला खाऊ माकडे हिसकावून नेतात, हेही आधी सांगून ठेवावे. जंगलालगतच्या भागांत बिबट्याचा वावर आहे, म्हणून अंधार पडल्यावर मुलांना आवाराबाहेर सोडू नये.

पाण्याबाबत गोव्यातील पालकांनी अधिक सावध असायला हवे, कारण त्यांना पाण्याची सवय आहे. मिरामारला किंवा कोलव्याला वाळू हळूहळू उतरत जाते; लाट अंगावर आली की मूल आपोआप मागे सरते. मये किंवा करमळीचे तळे पाहिलेल्यांना तळे म्हणजे उथळ, संथ पाणी वाटते. कुमाऊंची तळी तशी नाहीत. हिमालयाच्या घडणीत खडक दुभंगले, सरकले, दरडींनी प्रवाह अडले आणि जे खोलगट भाग उरले, त्यांत पाणी साचले. नैनीतालची कमाल खोली पंचवीस मीटरच्या पुढे आहे, आणि अनेक ठिकाणी काठापासून दोन पावलांवरच तळ सुटतो. पाणी वरवर कोमट भासले तरी खाली गार असते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे समुद्रात सहज तरंगणाऱ्यालाही येथे अधिक श्रम पडतात. बुडणारे मूल ओरडत नाही, ते निमूटपणे पाण्याखाली जाते. किनाऱ्यावर दिसतात तसे जीवरक्षक येथे असतील असे गृहीत धरू नये. होडीत चढण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट मुलाच्या मापाचे आहे का, ते खांद्यांतून वर निसटते का, हे ओढून पाहावे. मोठ्यांचे जाकीट मुलाला घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. मापाचे नसेल तर त्या दिवशी होडी नको; मूल रडेल, रडू द्यावे.

राहिला हंगाम. गोव्यात चतुर्थीची मोठी सुटी मिळते आणि ती कोठेतरी जाण्यात लावण्याचा मोह होतो. परंतु चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरात येते आणि त्या काळात कुमाऊंत पावसाळा असतो. पाऊस गोव्याला नवा नाही. नवा आहे तो पावसाने सुटणारा डोंगर. १८ सप्टेंबर १८८० रोजी नैनीतालच्या उत्तरेकडील कडा कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. त्या राडारोड्यातून तयार झालेल्या सपाटीवर, ज्याला आज फ्लॅट्स म्हणतात, आता मुले खेळतात. त्यानंतर डोंगरउतारांवर पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचे जाळे बांधले गेले. तळ्याच्या निचऱ्याकडील बलियानाल्याचा उतार मात्र आजही खचत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पावसाळा संपल्यासारखा वाटत असताना, मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस पडला. नैनीतालचे तळे माल रोडवर आले आणि शहराचे रस्ते तुटले. म्हणून परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवणे हा चैनीचा भाग नव्हे.

दिवाळीच्या सुटीत आकाश बहुधा स्वच्छ असते आणि स्नो व्ह्यूवरून नंदादेवीसह हिमशिखरे दिसण्याची शक्यता अधिक असते. ऊन मात्र फसवे. उंची वाढते तसे सूर्याचे अतिनील किरण तीव्र होतात. गार वाऱ्यात त्वचा भाजल्याचे मुलाला कळत नाही. नोव्हेंबरात सूर्य गोव्याच्या आधी, साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि डोंगराआड त्याहूनही लवकर जातो. ऊन गेले की गारठा एकदम उतरतो, तेव्हा स्वेटर खोलीवर न ठेवता पिशवीत असावा. जेवणाची चिंता नको. डाळ-भात सर्वत्र मिळतो. पाणी उकळलेले मागावे.

नैनीताल शहर त्याच तळ्याचे पाणी पिते. सांडपाणी आणि गाळाने ते इतके घुसमटले होते, की २००७ पासून तळाशी नळ्या टाकून त्यात हवा सोडावी लागत आहे. काठावर बसलेल्या मुलाने वेफर्सचे रिकामे पाकीट पाण्यात भिरकावले, तर ते उचलायला लावावे आणि नळाचे पाणी कोठून येते तेही सांगावे.

परतीच्या उतारावर बाळांचे कान दुखतात, कारण खाली येताना हवेचा दाब वाढत जातो. गिळण्याने कान मोकळे होतात. म्हणून भीमताल सोडताना तान्ह्याला पाजायचे राखून ठेवावे, मोठ्याच्या हाती पाण्याची बाटली द्यावी.