वाळू आली, वाळू गेली

फ्रान्सच्या सुलाक-सुर-मेर गावातली ‘ल सिन्याल’ ही चार मजली इमारत फेब्रुवारी २०२३ मध्ये पाडली, तेव्हा तिला सरसकट ‘हवामानबदलाचा बळी’ म्हटलं गेलं. समुद्र चढतोय, वादळं झोडपतायत, हे खरंच. पण या गावाचं वाळूशी असलेलं भांडण हवामानबदलापेक्षा कितीतरी जुनं आहे.

एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला जिरोंदची रुंद खाडी, आणि मधल्या मेदॉक द्वीपकल्पाच्या चिंचोळ्या टोकावर सुलाक. इथली जमीन म्हणजे मुख्यतः वाळूच. तिचा खरा पराक्रम बघायचा तर गावातलं बाराव्या शतकातलं चर्च बघावं. स्पेनमधल्या सान्तियागो तीर्थाच्या वाटेवरचे यात्रेकरू इथे थांबत. पुढे वाऱ्याने वाळूच्या टेकड्या सरकत आल्या आणि अठराव्या शतकात चर्च वाळूखाली गेलं. वर उरला तो घंटेचा मनोरा. खलाशी त्याच्या खुणेने होड्या हाकत. १८५९ नंतर लोकांनी ते उपसून काढलं. टेकड्या आवरायला किनाऱ्यालगत पाइनची झाडं लावली गेली. १९९८ पासून हे चर्च जागतिक वारसा यादीत आहे. हाताने उकरून काढलेलं चर्च मला कुठल्याही कॅथेड्रलपेक्षा मोठं वाटतं.

‘ल सिन्याल’ची गोष्ट नेमकी उलटी. १९६७ ला बांधकाम सुरू झालं तेव्हा समुद्र दोनशे मीटर लांब होता. जानेवारी २०१४ मध्ये ७८ फ्लॅट रिकामे करायचा हुकूम निघाला, तेव्हा मध्ये वीस मीटरही उरले नव्हते. या वेळी वाळू आली नाही, निघून गेली.

भरपाईसाठी फ्लॅटवाले कोर्टात गेले आणि हरले. नैसर्गिक धोक्यातली घरं सोडावी लागणाऱ्यांसाठी १९९५ पासून सरकारी ‘बार्निए निधी’ आहे. पण किनाऱ्याची धूप त्यात बसत नाही, असा निकाल २०१८ मध्ये लागला. दरड कोसळली तर पैसे. समुद्राने पायाखालची जमीन सावकाश खाल्ली, तर तुमचं नशीब! अखेर संसदेने वेगळी तरतूद केली आणि २०२० मध्ये सुमारे ७० लाख युरोंवर तडजोड झाली. ती याच इमारतीपुरती.

२०२१ च्या कायद्याने किनाऱ्यावरच्या काही गावांना पुढच्या तीस आणि शंभर वर्षांच्या धुपीचे नकाशे करायला सांगितलं आहे. नकाशे होतील. त्यावर लाल रेघ आली की त्या घरांची किंमत कोसळणार, आणि ते नुकसान कोण भरून देणार? त्यासाठी कायमस्वरूपी पैशांची सोय मात्र त्या कायद्यात नाही.