मोटारीची बॅटरी वारंवार का उतरते?

जबलपूर शहराचा वाहनांशी संबंध जुना आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली स्थापन झाला आणि १९६९ साली लष्करी वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. 'शक्तिमान' हा ट्रक आणि 'जोंगा' ही गाडी यांची नावे या शहराशी कायमची जोडली गेली आहेत. परंतु वाहन लष्कराचे असो की गृहस्थाचे, बॅटरी उतरली की ते जागचे हलत नाही.

समजा, नेपियर टाउनमधील एका गृहस्थाने शुक्रवारी सायंकाळी उभी केलेली मोटार सोमवारी सकाळी सुरू झाली नाही. शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून काम भागविले गेले. पुढच्या सोमवारी पुन्हा तोच प्रकार घडला, म्हणून नवी बॅटरी विकत आणली. पण त्यानंतरच्या सोमवारी तीही उतरलेलीच आढळली. मग दोष कोठे होता? याचे उत्तर मिळविण्यासाठी बॅटरीचे कार्य प्रथम समजून घेतले पाहिजे.

शिसे व आम्ल यांची पुन्हा पुन्हा भारित करता येणारी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. मोटारीतील बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात सहा घट असतात व प्रत्येकाचा विद्युत्‌दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. घटाच्या धन पट्टीवर लेड डायॉक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये पातळ गंधकाम्ल असते. वीज खर्च होऊ लागली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने प्रवाह सोडला की पट्ट्या व आम्ल पूर्वस्थितीला येतात. मात्र बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली तर सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. म्हणून वारंवार उतरणाऱ्या बॅटरीकडे दुर्लक्ष केल्यास चांगली बॅटरीही खरोखरच निकामी होते.

बॅटरीची तुलना पाण्याच्या हौदाशी करता येईल. हौद रिकामा राहत असेल तर तीनच कारणे संभवतात: नळाने पुरेसे पाणी येत नाही, हौदालाच चीर पडली आहे, किंवा कोणीतरी तोटी उघडी ठेवली आहे. या तिन्हींची परीक्षा क्रमाने करावी.

प्रथम नळाची, म्हणजे बॅटरी भारित करणाऱ्या यंत्रणेची. काही तास स्वस्थ ठेवलेल्या, पूर्ण भारित बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ व्होल्ट आढळल्यास ती निम्मी रिकामी झाली असे समजावे. इंजिन चालू असताना हाच दाब साधारणपणे १३.८ ते १४.७ व्होल्ट झाला पाहिजे. तो वाढत नसेल तर ऑल्टरनेटर नावाचे जनित्र, त्याचा सैल झालेला पट्टा किंवा गंजलेली जोडणी दोषी असते. गाडी रोज केवळ सदर ते राइट टाउन एवढीच, आणि तीही दिवे व पंखा लावून, फिरत असेल तर जनित्र निर्दोष असूनही बॅटरी पुरती भरत नाही.

दुसरी परीक्षा खुद्द बॅटरीची. ती पूर्ण भारित करून ऋण टोकाची तार काढावी व रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी दाब बराच उतरला असेल तर दोष बॅटरीत आहे. तो टिकून राहिला तर दोष गाडीत आहे. उष्णतेचाही येथे विचार केला पाहिजे. कोणतीही बॅटरी न वापरता आपोआप थोडी उतरतच असते, आणि तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की या क्रियेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. मे महिन्यात जबलपूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्या उन्हात गाडी ठेवणे म्हणूनच हितकर नसते. बॅटरीला टोपणे असल्यास पाण्याची पातळी पाहावी व केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नर्मदेचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यात क्षार विरघळलेले असतात व ते पट्ट्यांना अपाय करतात.

तिसरी परीक्षा उघड्या तोटीची. गाडी बंद करून दारे लावावी, ऋण तार काढावी आणि ती तार व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये प्रवाहमापक जोडावा. मापक जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये. सुरू करण्यास लागणारा मोठा प्रवाह मापक जाळून टाकील. आधुनिक गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा निद्रिस्त होण्यास वेळ लागतो, म्हणून अर्धा तास थांबून मगच आकडा वाचावा. सुमारे ५० मिलिॲम्पियरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानतात. आकडा याहून बराच मोठा असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढताच आकडा एकदम खाली येतो, त्याच्याच मार्गात चोर दडलेला असतो.

वरील गृहस्थाच्या गाडीत असा चोर म्हणजे डिकीतील ५ वॅटचा दिवा होता. त्याचे बटण अडकल्यामुळे झाकण लावल्यावरही तो जळतच राही. १२ व्होल्टवर असा दिवा सुमारे ०.४ ॲम्पियर प्रवाह घेतो. शुक्रवार सायंकाळपासून सोमवार सकाळपर्यंतच्या ६० तासांत २५ ॲम्पियर-तास वीज खर्च होते. आणि लहान मोटारीच्या बॅटरीची एकूण क्षमता ३५ ॲम्पियर-तासांच्या आसपास असते. उरलेल्या विजेवर इंजिन फिरविणे कठीण जाते, मग बॅटरी नवी असो वा जुनी.

ही कामे करताना सावध राहावे. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो; आम्लाने त्वचा व डोळे भाजतात. म्हणून जवळ विडी-काडी पेटवू नये, डोळ्यांवर चष्मा असावा आणि तारा काढताना नेहमी ऋण टोकाची तार आधी काढावी.

बॅटरी खरोखरच संपली असेल तर ती उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. शिसे विषारी आहे व लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून विशेष अपाय होतो. म्हणूनच जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी भारत सरकारच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु तेथवर जाण्याआधी वरील तीन परीक्षा अवश्य कराव्या. नेपियर टाउनच्या त्या गृहस्थाने त्या वेळीच केल्या असत्या तर एका बटणाच्या दुरुस्तीत त्याचे काम भागले असते.