पालखीनंतरचा पडदा

गोव्यातल्या साखळीला रवींद्र भवन हे नाट्यगृह मिळालं ते अलीकडचं. नाटक मात्र इथं त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ते रंगायचं देवळाच्या सभामंडपात, नाहीतर समोरच्या प्रांगणात. पालखी फिरून देव आत गेला की पडदा लागायचा, आणि शेवटचा अंक संपेस्तोवर तांबडं फुटायचं. गोव्यात हीच उत्सवी रंगभूमी. नट गावचेच, स्त्रीपात्रं आधी पुरुषांनी रंगवली, पुढं बाहेरून नटी येऊ लागली. तिकीट नाही, त्यामुळे देणगीदारांची नावं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही!

पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या अमलात नाटकाची संहिता आधी तपासणीला द्यावी लागे. उत्सवाच्या आडोशाला मराठी रंगभूमी तगली, त्यामागं हेही एक कारण असावं.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. योगायोग असा की, तेच वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं. त्या निमित्तानं मुंबईत, हैदराबादेत, बंगळुरात त्यांच्या नावाची नाट्यगृहं उभी राहिली. गोव्याला मात्र थांबावं लागलं. 1970 साली कला अकादमी स्थापन झाली, चार्ल्स कोरिया यांनी रेखाटलेली तिची पणजीतली वास्तू 1983 मध्ये खुली झाली. मडगाव, कुडचडे, साखळीची रवींद्र भवनं आली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. 2021 ते 2023 या काळात पणजीची ती वास्तू दुरुस्तीसाठी बंद होती, तेव्हा तालुक्यातल्या रंगमंचांचं मोल राजधानीलाही कळलं असेल.

भवनानं खुर्ची दिली, प्रकाशयोजना दिली, पावसाळ्यातही प्रयोग लावायची सोय केली. घड्याळही दिलं. देवळापुढं पहाटेपर्यंत लांबणारं नाटक भवनातल्या नाट्यस्पर्धेत वेळेच्या चौकटीत बसवावं लागतं. संहितेला कात्री लागते आणि पुष्कळदा ती लागलेलीच बरी. पण पदाला ‘वन्स मोअर’ द्यायची सवय असलेल्या रसिकाला हे जड जातं.

सगळंच काही छपराखाली आलेलं नाही. साखळीच्या वाळवंटी नदीकाठच्या विठ्ठलापुरात राणे घराण्याच्या विठ्ठलमंदिरी चैत्रोत्सवात वीरभद्र नाचतो तो ढोलांच्या गजरात, लोकांच्या गराड्यात. त्रिपुरारी पौर्णिमेला त्याच नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात, त्यांची स्पर्धाही लागते. त्या रात्री आसनक्रमांक कुणी विचारत नाही. काठावर उभं राहायला जागा मिळाली, की झालं.