वजन थोडं, साखर फार: पोटाच्या ऑपरेशनबद्दलचे गैरसमज

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं नाव निघालं की अनेकांना अजूनही २०१७ मधल्या इमान अहमद आठवतात. इजिप्तहून विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या या बाईंचं वजन पाचशे किलोच्या घरात असल्याच्या बातम्या तेव्हा दिवसरात्र चालू होत्या. हे ऑपरेशन अशाच, अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी असतं, हा समज तेव्हा आणखी पक्का झाला. पण नाशिकजवळच्या ओझरसारख्या गावात त्याचा विचार मनात येतो तो वेगळ्याच माणसांच्या. एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरी केलेली, द्राक्षबाग सांभाळणारी, महामार्गालगत दुकान चालवणारी माणसं. वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो, पोट सुटलेलं, शुगरच्या गोळ्या दोनाच्या चार झालेल्या. त्यांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, असतो तीस-बत्तीस. त्यांना घरचे म्हणतात, 'एवढा काही जाड नाहीस तू, ऑपरेशन कशाला?'

हा पहिला गैरसमज, आणि त्याचं मूळ जुन्या नियमात आहे. १९९१ साली अमेरिकेत तज्ज्ञांनी मर्यादा घालून दिली: बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत लठ्ठपणाचा गंभीर आजार, तरच शस्त्रक्रिया. ही मर्यादा पाश्चात्त्य शरीरांवरून ठरलेली होती. आपलं शरीर त्या मापात बसत नाही, हे जगाला दाखवणाऱ्यांमध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आघाडीवर होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताना वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी बरीच असते, हेही याज्ञिकांच्याच अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे ही चरबी पोटात, यकृताभोवती साठते. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की धोका धरतात, काट्यावरचा आकडा काहीही असो.

यामुळे नियमही खाली आले. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीत शस्त्रक्रियेसाठी आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ हे आकडे आले. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच या उपचाराचा पर्याय द्यावा, असं म्हटलं. तरीही २७.५ चा अर्थ 'आता ऑपरेशन कराच' असा मुळीच होत नाही. आहार, व्यायाम आणि औषधं नीट देऊनही साखर आटोक्यात येत नसेल, तेव्हाच त्या आकड्याला अर्थ येतो. आणि त्याही खाली, फक्त लग्नाआधी बारीक दिसायचं म्हणून पोटाला कात्री लावणं मला सरळसरळ चुकीचं वाटतं.

दुसरा गैरसमज किलोंचा. शेजारच्या कुणाचे पस्तीस किलो उतरलेले असतात, म्हणून आपलेही तेवढेच उतरतील असं वाटतं. हिशेब करून पाहू. उंची १६० सेंटीमीटर, वजन ११५ किलो, म्हणजे बीएमआय ४५. अशा माणसाचं वजन तीस टक्के उतरलं तर ३४-३५ किलो कमी होतात. ८० किलो उरतात आणि बीएमआय ३१ च्या वरच राहतो. त्याच उंचीचा दुसरा माणूस ८२ किलोचा, बीएमआय ३२. त्याचं वजन पंचवीस टक्के उतरलं तरी कमी होणार वीसच किलो, पण तो ६१-६२ वर, म्हणजे बीएमआय २४ वर येतो. तेव्हा शेजाऱ्याच्या किलोंशी बरोबरी करून 'माझं ऑपरेशन फसलं' असं ठरवू नये. बहुतेकांचं वजन वर्ष-दीड वर्षात जिथे यायचं तिथे येतं. पुढे काहींचं थोडं परतही वाढतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेही बहुधा तात्पुरतं असतं.

पण कमी बीएमआयच्या माणसाने मुळात किलो मोजायला या वाटेने जाऊच नये. त्याच्यासाठी खरा हिशेब साखरेचा आहे, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही तिथेच आहे: 'शुगर कायमची जाते.'

साखर किती खाली येऊ शकते, याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. २०१० साली डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह असलेल्या पंधरा भारतीयांवरच्या गॅस्ट्रिक बायपास या शस्त्रक्रियेचे निकाल प्रसिद्ध केले. सगळ्यांचा बीएमआय २२ ते ३५ च्या दरम्यान. ऐंशी टक्के रुग्ण इन्सुलिनवर होते. तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं सुटली आणि सरासरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, १०.१ वरून ६.१ वर आलं. निकाल थक्क करणारा आहे, पण रुग्ण पंधराच आणि पाहणी नऊ महिन्यांची. अमेरिकेतल्या 'स्टँपीड' या चाचणीत बीएमआय २७ ते ४३ चे १५० रुग्ण होते. पाच वर्षांनी ६ किंवा त्याहून कमी एचबीए१सी राहिलं ते बायपास झालेल्यांपैकी २९ टक्क्यांचं, स्लीव्ह हा ऑपरेशनचा दुसरा प्रकार झालेल्यांपैकी २३ टक्क्यांचं आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांचं. ऑपरेशनचा फायदा उघड आहे, पण दहातल्या सात जणांना ती पातळी टिकवता आली नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. बऱ्याच जणांची औषधं घटतात, साखर पूर्वीपेक्षा चांगली राहते. त्यालाही मोल आहे. पण त्याला 'बरं झालं' म्हणत नाहीत, आणि औषधं पूर्ण सुटलेल्यांनीही तपासणी सोडायची नसते.

कुणाला किती फायदा होईल हे मधुमेहाच्या वयावर ठरतं. तीन-चार वर्षांची शुगर आणि पंधरा वर्षांची, तीही इन्सुलिनवरची, यांत फार अंतर आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करण्याची ताकद उरली असेल तरच ऑपरेशन तिला हात देऊ शकतं. ती ताकद सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून कळते. कमी बीएमआयच्या रुग्णाने निर्णयाआधी ही तपासणी मागून घ्यावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

'चरबी काढतात' हेही खरं नाही. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग कापून केळ्यासारखी नळी ठेवतात. बायपासमध्ये लहानशी पिशवी करून आतडं जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून. भुकेचे आणि साखरेचे संप्रेरक बदलतात, म्हणून वजन फारसं उतरण्याआधीच साखर खाली येऊ लागते. लायपोसक्शन वेगळं, त्यात त्वचेखालची चरबी ओढून घेतात. २००४ मधल्या एका अभ्यासात पंधरा लठ्ठ बायकांची नऊ-दहा किलो चरबी अशी काढली, आणि इन्सुलिनच्या कामात काहीही सुधारणा दिसली नाही.

'मेडिक्लेम आहे ना!' यावर मात्र थांबून पॉलिसी वाचा. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींमध्ये आजही बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह असे ठरावीक आजार, हीच मर्यादा आहे. डॉक्टरांचे नियम खाली आले, विम्याचे आले नाहीत. तीस-बत्तीस बीएमआयच्या रुग्णाने खर्च खिशातून होणार असं धरूनच चालावं.

ऑपरेशनखेरीज दुसरा पर्यायही आहे: सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइडची वजनावरची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली. बीएमआय २७ ते ३२ च्या पट्ट्यात त्यांच्याबद्दल आधी विचारणं रास्त आहे. पण बंद केली की उतरलेल्या वजनातलं बरंचसं परत येतं.

शेवटी, 'ऑपरेशन झालं की सुटलो' हा समज. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शाकाहारी घरांत बी१२ आधीच तळाला असतं, तिथे हयगय केली तर हातपाय बधिर होण्यापर्यंत गोष्ट जाते. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. बायपासनंतर गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि बिडी-सिगारेट यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. तंबाखू आणि मिश्रीही आधीच सोडलेली बरी. बाईला मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायचं. हे सगळं वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं, म्हणून कसारा घाट उतरून मुंबईला ऑपरेशन करून घेणार असाल, तर पुढच्या तपासण्या नाशिकमध्ये कोण पाहणार, त्यांचं नाव ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी कागदावर घ्या.