लेकरांचे अपघात (लेखांक ५) : डोक्याला मार लागल्यावर घरी की रुग्णालयात?

पलंगावरून पडलेले मूल लगेच मोठ्याने रडले, थोड्या वेळात कुशीत शांत झाले आणि पुन्हा खेळू लागले, तर मेंदूला गंभीर इजा झालेली असण्याची शक्यता फारच कमी असते. बेशुद्ध झालेल्या किंवा झटके येणाऱ्या मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यायचे, हेही उघड आहे. निर्णय अवघड होतो तो या दोन टोकांच्या मधल्या मुलांबाबत. मूल माणसे ओळखते, बोलते. पण एकदा ओकले आहे आणि जरा पेंगते आहे.

अशा वेळी वेळ हीच तपासणी ठरते. कवटीचे हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामधली रक्तवाहिनी फुटली, तर रक्त साचायला वेळ लागतो. तोवर मूल ठीक दिसू शकते. दाब वाढला की गुंगी, उलट्या, वाढती डोकेदुखी सुरू होते. म्हणूनच मार लागल्यापासून साधारण ४ ते ६ तास नजर ठेवली जाते. हे तास पडल्याच्या क्षणापासून मोजायचे, दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे.

उत्तर अमेरिकेतील २५ आपत्कालीन विभागांत डोक्याला मार लागलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ही मुले शुद्धीवर होती, फार तर किंचित गुंगीत. त्यांपैकी ३७६ जणांच्या मेंदूला गंभीर इजा होती आणि ६० जणांवर मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. सीटी स्कॅनमधून मिळणारा किरणांचा मारा वाढत्या वयात टाळलेलाच बरा. त्यामुळे प्रत्येक टेंगळासाठी स्कॅनचा आग्रह धरणे मुलाच्या हिताचे नाही.

त्या अभ्यासातील निकष वयानुसार वेगळे आहेत. दोन वर्षांखालील बाळाच्या कपाळावरचे टेंगूळ सहसा तितके चिंतेचे नसते. कानावर, बाजूला किंवा मागे आलेली सूज मात्र डॉक्टरांना दाखवावी. ३ फुटांहून उंचावरून पडणे, ५ सेकंद किंवा अधिक शुद्ध हरपणे आणि ‘हा नेहमीसारखा वाटत नाही’ हे आईचे म्हणणे, यांनाही तेवढेच वजन आहे. मोठ्या मुलांत उंचीची मर्यादा ५ फूट आहे. शुद्ध हरपणे, उलटी आणि तीव्र डोकेदुखी पाहिली जाते. यांपैकी एखादीच खूण असेल तर बहुधा रुग्णालयातील देखरेख पुरते; अनेक खुणा असतील, त्या वाढत असतील किंवा बाळ ३ महिन्यांहून लहान असेल, तर स्कॅनकडे कल झुकतो. कवटी दबलेली लागणे, कानानाकातून रक्त वा पाणी येणे, गुंगी न उतरणे या खुणा दिसल्यास थांबायचेच नाही. रक्त न गोठण्याचा आजार असलेले मूलही घरी ठेवू नये. सांगितलेल्या प्रसंगाशी इजा जुळत नसेल, तर मूल दाखल करणे हेच त्याचे संरक्षण आहे.

घरी ठेवण्यासाठी मूल ठीक असणे पुरेसे नाही, घरही तयार हवे. जबाबदार मोठे माणूस जागे राहू शकेल का, वाहन मिळेल का, रुग्णालय किती दूर आहे, हे विचारलेच पाहिजे. आडबाजूची वाडी, रात्रीची वेळ आणि शेवटची एसटी निघून गेलेली असेल, तर तेच मूल तालुक्याच्या रुग्णालयात रात्रभर ठेवणे शहाणपणाचे.

पडल्यानंतर मुलाला झोपूच द्यायचे नाही, हा समज घरोघरी आहे. झोपेची वेळ असेल आणि त्याआधी ते नीट वागत असेल, तर झोपू द्यावे. डॉक्टरांनी सांगितले असेल तितक्या वेळा हलवून पाहावे. कुरकुरून कूस बदलली, आईला ओळखले की पुन्हा झोपवावे. वेदनेसाठी वजनानुसार पॅरासिटामॉल चालते. गुंगी आणणारे खोकल्याचे औषध देऊ नये, कारण खरी गुंगी त्याखाली झाकली जाते.

पुढचे एक-दोन दिवस पुन्हापुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, हातापायात अशक्तपणा, झटके किंवा जागे न होणे यांपैकी काहीही दिसले, तर १०८ ला फोन करून लगेच निघावे. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये.